टॅग लावण्याआधी: ओपन सोर्स प्रकल्पाचं रिलीज कसं काढावं

ओपन सोर्स प्रकल्पाचं रिलीज एकदा बाहेर पडलं की परत घेता येत नाही. पायपीआय या पायथन पॅकेजच्या ऑनलाइन कोठारावरची फाइल डिलीट केली तरी त्याच नावाने पुन्हा चढवता येत नाही. जावास्क्रिप्टच्या अशाच कोठारावर, एनपीएमवर, मागे घेतलेला आवृत्ती क्रमांकही कायमचा बाद होतो. त्यामुळे खरं काम टॅग, म्हणजे कोडच्या त्या स्थितीला आवृत्ती क्रमांकाची खूण, लावायच्या आधीचं.

समजा, नाशिकमधले काही जण मिळून लासलगाव, पिंपळगाव बसवंत इथले कांद्याचे भाव वाचून देणारी पायथन लायब्ररी सांभाळतात आणि चालू आवृत्ती १.९.२ आहे. पहिला प्रश्न पुढच्या क्रमांकाचा. नुसता बग काढला असेल तर १.९.३. जुनं काही न मोडता नवी सोय दिली तर १.१०.०. वापरणाऱ्याला स्वतःचा कोड बदलावा लागणार असेल तर २.०.०. फसगत होते ती न दिसणाऱ्या बदलांत. फंक्शनचं नाव तेच, परत येतो तो आकडाच, पण भाव क्विंटलऐवजी किलोचा यायला लागला. कुठेही एरर येणार नाही. १८०० च्या जागी १८ दिसेल आणि त्यावर कुणीतरी हिशोब करून बसेल. असा बदल २.०.० मध्येच जायला हवा. त्याआधी १.१०.० मध्ये किलोसाठी वेगळं फंक्शन द्या आणि जुनं फंक्शन वापरणाऱ्याला ते बंद होणार असल्याची सूचना दिसू द्या. आणखी एक: स्क्रिप्टमध्ये आवृत्त्यांची तुलना साध्या मजकुरासारखी केली तर १.१० हे १.९ च्या आधी लागतं.

तारीख आधी जाहीर करा. लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) दोन आठवडे नवे बदल घेण्याची मर्ज विंडो असते, मग साधारण दर आठवड्याला एक रिलीज कँडिडेट, म्हणजे तपासायला दिलेली संभाव्य अंतिम आवृत्ती, येतो आणि नऊ-दहा आठवड्यांत नवी आवृत्ती बाहेर पडते. जे तयार नाही ते पुढच्या फेरीत. लहान प्रकल्पालाही हीच शिस्त मानवते, कारण अर्धवट फीचरसाठी सगळं अडून राहत नाही. मात्र वापरणाऱ्यांचा हंगाम बघा. द्राक्षबागेच्या फवारणीचं वेळापत्रक देणारं अ‍ॅप असेल तर ऑक्टोबर छाटणीनंतर मोठं रिलीज काढू नका. फवारण्या तेव्हाच दाट असतात.

तारखेच्या दोन-तीन आठवडे आधी १.१० ची वेगळी ब्रँच, म्हणजे कोडची स्वतंत्र शाखा, काढा. तिच्यात फक्त दुरुस्त्या घ्यायच्या, आणि त्याही आधी मेन (मुख्य) ब्रँचवर मर्ज करून मग चेरी-पिक करायच्या, म्हणजे तेवढ्याच उचलून इथे आणायच्या. उलट केलं की मेनवर दुरुस्ती यायची राहते आणि १.११ मध्ये तोच बग परत येतो. आता आरसी १, म्हणजे पहिला रिलीज कँडिडेट, काढा आणि निदान आठवडाभर लोकांना वापरू द्या. पायथन पॅकेज इन्स्टॉल करणारं पिप अशी आवृत्ती आपणहून घेत नाही, म्हणून इन्स्टॉल करायची कमांड घोषणेत लिहा, नाहीतर कुणी तपासणारच नाही. त्यानंतर कोडची एक ओळ जरी बदलली तरी आरसी २ काढा.

चेंजलॉग (आवृत्तीतल्या बदलांची नोंद) म्हणजे कमिटची, कोडमध्ये नोंदवलेल्या प्रत्येक बदलाची, यादी नव्हे. वापरणाऱ्याला काय वेगळं दिसेल आणि त्याने काय करायचं, एवढंच लिहा. प्रत्येक पुल रिक्वेस्टबरोबर (बदल घ्या अशा विनंतीबरोबर) एक ओळ मागून घेतली तर शेवटच्या रात्री आठवत बसावं लागत नाही.

मग डिजिटल सही केलेला टॅग लावा, पण तो लगेच पुश करू नका, म्हणजे सर्व्हरवर पाठवू नका. रेपो, म्हणजे प्रकल्पाच्या कोडचं भांडार, दुसऱ्या फोल्डरमध्ये नव्याने क्लोन (कॉपी) करून त्या टॅगवर या, पॅकेज बिल्ड करा, रिकाम्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (इतर पॅकेजेसपासून वेगळ्या जागेत) इन्स्टॉल करा आणि रेपोच्या बाहेरून चालवून बघा. नेहमी सापडणारी चूक म्हणजे बाजार समित्यांच्या माहितीची सीएसव्ही फाइल पॅकेजमध्ये गेलेलीच नसते. रेपोत फोल्डर समोरच असतो, त्यामुळे तिथे सगळं सुरळीत चालतं. पॅकेजमधल्या फायली टॅगशीही ताडून बघा. २०२४ मध्ये फायली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड युटिल्सच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत घुसवलेला बॅकडोअर (चोरवाट) चालू करणारी बिल्ड स्क्रिप्ट रिलीजच्या टारबॉलमध्ये, म्हणजे कोडच्या गठ्ठा-फाइलमध्ये, होती, गिटमध्ये, म्हणजे कोडचा इतिहास जिथे राहतो तिथे, नव्हती. अंतिम पॅकेज कुणाच्या लॅपटॉपवरून न चढवता सीआयवरून, म्हणजे आपोआप बिल्ड आणि चाचणी करणाऱ्या सर्व्हरवरून, चढवणं म्हणूनच बरं.

एवढं करूनही चूक निघाली तर टॅग हलवू नका. ज्यांनी जुना टॅग घेतलाय त्यांच्याकडे तो तसाच राहतो आणि एकाच क्रमांकाचे दोन वेगळे कोड फिरायला लागतात. सरळ १.१०.१ काढा आणि १.१०.० पायपीआयवर यँक करा. यँक केलेली आवृत्ती पिप नव्याने निवडत नाही, पण ज्यांनी नेमका तोच क्रमांक लिहून ठेवलाय त्यांचं इन्स्टॉल चालू राहतं. हे करायचे अधिकार निदान दोघांकडे ठेवा. एकटा मेंटेनर गावाला गेलेला असताना सदोष आवृत्ती तशीच डाउनलोड होत राहते.