कापड कुणाचं, कात्री कुणाची: सोलापुरात नवा ब्रँड शिवून घेण्याआधी

नवा ब्रँड काढणारा माणूस कारखान्यात शिरला की आधी विचारतो, "नगाला किती घेणार?" हा प्रश्न तिसरा. पहिला प्रश्न, कापड कुणाच्या पैशानं येणार? दुसरा, कात्री कुणाच्या हातात राहणार? ही दोन उत्तरं मिळाली की उत्पादनाची पद्धत ठरते आणि दरही मग नीट बोलता येतो.

त्याआधी गावाचा हात ओळखा. सोलापूरचे रेडिमेडवाले युनिफॉर्ममध्ये मुरलेले आहेत. शर्ट, पँट, सलवार-कुर्ता असं विणलेल्या कापडाचं काम इथं सफाईनं होतं. टी-शर्टचाच ब्रँड असेल तर सरळ तिरुपूर गाठा. होजिअरीचं कापड, रंगाई, छपाई आणि शिलाई तिथं एकाच गावात मिळतं. टॉवेलच्या कापडाचे बाथरोब काढायचे असतील तर मात्र सोलापूर सोडून जाऊ नका.

दुसरं कॅलेंडर. शाळा जूनमध्ये उघडतात, त्यामुळे जानेवारी ते मे मशिनं युनिफॉर्मच्या ऑर्डरींनी भरलेली असतात. त्या दिवसांत तुमचे ३०० शर्ट बाजूला पडणार, आणि त्यात कुणाचा दोष नाही. जुलैपासून दिवाळीपर्यंत गेलात तर मालक स्वतः लक्ष घालतो, सॅम्पल दोनदा बदलून देतो.

आता पद्धती. तयार माल घेऊन आपलं लेबल लावणं सगळ्यात सोपं. बाजार चाचपायला ठीक, पण तोच शर्ट शेजारच्या दुकानात दुसऱ्या लेबलखाली दिसतो. फुल पॅकेजमध्ये कापड, बटणं, शिलाई, पॅकिंग सगळं कारखानदाराचं. डोक्याला ताप कमी, पण कमीत कमी नगांची अट मोठी, आणि दुसऱ्या लॉटला कापड गुपचूप हलकं होण्याची भीती. म्हणून मंजूर कापडाचा तुकडा दोघांच्या सह्यांनिशी कागदाला टाचून ठेवा. त्यावर पन्हा, वजन आणि धाग्याचा प्रकार लिहा.

तिसरी पद्धत जॉबवर्क: कापड तुमचं, शिलाई त्यांची. शर्ट-कुर्त्याच्या नव्या ब्रँडला आमचा कौल हिलाच. चांगल्या शर्टात सगळ्यात जास्त पैसा कापडात अडकतो, आणि तो कुठं जातो हे याच पद्धतीत डोळ्यांना दिसतं.

कापड किती लागेल ते असं काढा. एस, एम, एल, एक्सएल हे साईज १:२:२:१ या प्रमाणात मांडले की एका मार्करमध्ये, म्हणजे कापडावर सगळे तुकडे बसवून काढलेल्या आराखड्यात, सहा शर्ट बसतात. ५८ इंच पन्ह्यावर हा मार्कर समजा ९ मीटर झाला, तर अ‍ॅव्हरेज (एका शर्टामागे लागणारं कापड) दीड मीटर. ३०० शर्टांना कापडाचे एकावर एक ५० थर, म्हणजे ४५० मीटर. प्रत्येक थराच्या दोन्ही टोकांना मिळून ४ सेंटीमीटर जातात, ते २ मीटर. डाग, गाठी, बदली तुकडे यांसाठी ३ टक्के धरा. एकूण साधारण ४६६ मीटर. कारखान्यानं याहून बरंच जास्त सांगितलं तर भांडू नका, मार्कर मागा. मार्कर दाखवायला जो टाळतो, त्याच्याकडे कापड टाकू नका.

कापताना स्वतः हजर राहा. जमलं तर कटिंग मास्टर वेगळा लावा आणि कापलेले बंडलच शिलाईला द्या. प्रत्येक थराला नंबर लावून घ्या. इथं आळस केला की एका ताक्याची बाही दुसऱ्या ताक्याच्या पाठीला जोडली जाते. कारखान्यातल्या ट्यूबलाइटखाली रंग सारखाच दिसतो, उन्हात नेलं की फरक उघडा पडतो. असा शर्ट परत येणारच.

कापण्याआधी आटणं तपासा. ताक्यातून ५० सेंटीमीटरचा चौकोन कापा, गिऱ्हाईक धुईल तसा धुवा, वाळवा, इस्त्री करा आणि मोजा. उभ्या बाजूनं ४८ भरला तर आटणं ४ टक्के. धुतल्यावर शर्टाची लांबी ७२ सेंटीमीटर हवी असेल तर पॅटर्न (कापण्याचा साचा) ७५ चा लागतो. आडव्या बाजूचं वेगळं मोजा, दोन्ही आकडे क्वचितच सारखे येतात. कॉलरचं फ्यूजिंगही (आतून चिकटवायचं ताठ अस्तर) त्याच कापडावर चिकटवून तीनदा धुवा. कापड आटलं आणि फ्यूजिंग आटलं नाही की कॉलरवर फोड येतात, आणि ते इस्त्रीनं जात नाहीत.

टाके लिहून द्या. युनिफॉर्मच्या घाईत टीप मोठी पडते. ब्रँडच्या शर्टाला इंचाला १२ टाके मागा. टाके वाढले की मशिनीचा वेग पडतो, म्हणून दर थोडा वाढेल. तो द्या. त्यात घासाघीस केलीत तर कारागीर टीप पुन्हा लांब करतो.

स्वतःचं युनिट टाकायची घाई करू नका. दहा कारागीर, आठ तासांची पाळी, म्हणजे दिवसाला ४८०० मिनिटं. नव्या युनिटात त्यातली ४५ टक्केच कामी येतात असं धरलं आणि शर्टाला २२ मिनिटांची शिलाई धरली, तरी दिवसाला ९८ शर्ट, महिन्याला अडीच हजार. तेवढे विकले जात नसतील तर मशिनं बसून राहतील आणि पगार मात्र चालू राहील.

माल ताब्यात घेताना ३०० च्या लॉटमधून ५० नग स्वतःच्या हातानं वेगवेगळ्या गठ्ठ्यांतून काढा. एक्यूएल (किती चुका चालतील त्याची मर्यादा) २.५ च्या तक्त्याप्रमाणे तीन मोठ्या चुकांपर्यंत लॉट चालतो. चौथी सापडली की सगळा माल पुन्हा तपासायला परत. आधी काजं बघा, मग बगलेची शिवण ओढून बघा. टीप तिथंच उसवते.

कागदावर चार गोष्टी हव्यातच. खराब नगाला शिलाई कापून भागत नाही, कापडाची किंमतही वळती झाली पाहिजे. उरलेलं कापड मोजून परत यावं. पॅटर्न तुमचा राहील. आणि लॉटपेक्षा जास्तीचा एकही नग बाहेर विकला जाणार नाही.

कापड पाठवताना डिलिव्हरी चलन करा, त्यावर मीटर आणि ताके लिहा. जीएसटी कायद्याप्रमाणे जॉबवर्कचा माल एका वर्षात परत यावा लागतो. शिलाईवाल्याची उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघू उद्योग म्हणून असेल तर लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५. माल विकला गेला की देऊ, हा वायदा तिथं चालत नाही, म्हणून शिलाईचे पैसे कापड घेण्याआधीच बाजूला काढून ठेवा.