राज्यपालांच्या दौऱ्यावर एडीसीने काय बघावं

लोकभवनात (पूर्वीचं राजभवन) एडीसी, म्हणजे राज्यपालांचा परिसहायक (एड-डी-कॅम्प), म्हणून नेमणूक झाली की नातेवाईक विचारतात, "म्हणजे बॉडीगार्ड का?" नाही. सुरक्षेची माणसं वेगळी असतात, त्यांना त्यांचं काम येतं आणि आपण त्यात लुडबुड करायची नसते. राज्यपाल गाडीतून उतरल्यापासून परत गाडीत बसेपर्यंत जे काही घडतं, ते नीट घडावं ही जबाबदारी एडीसीची. राज्यपालांना साधारणपणे दोन एडीसी असतात, एक सैन्यदलांतला आणि एक पोलीस सेवेतला. मी फौजेतून गेलो होतो. राजेरजवाड्यांच्या आणि व्हाइसरॉयच्या काळापासून चालत आलेलं हे काम आहे. ब्रिटनच्या राजाबरोबर आजही इक्वेरी म्हणून लष्करी अधिकारी असतो आणि दौऱ्यात तो बहुतेक हेच करतो. आता नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी लिहितो आहे, पण कार्यक्रम घेणाऱ्या कॉलेजांना आणि संस्थांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी रेकी, म्हणजे जागेची आगाऊ पाहणी. जिल्हाधिकारी कार्यालयातून मिनिट-टू-मिनिट कार्यक्रम येतो, तो कागद हातात घेऊन जागेवर जायचं आणि प्रत्येक पाऊल स्वतः चालायचं. गाडी थांबते तिथून मंचापर्यंत, राज्यपालांच्या वयाच्या माणसाच्या चालीने, घड्याळ लावून. कागदावर "१०.३० आगमन, १०.३२ मंचावर स्थानापन्न" असं लिहिलेलं असतं आणि मध्ये तीन ठिकाणी स्वागत, औक्षण आणि एक जिना असतो. तो जिना मोजा. त्याला कठडा आहे का, मंचाची पहिली पायरी नेहमीपेक्षा उंच आहे का, लाल गालिचा पायरीवर खिळे मारून बसवलाय की नुसता टाकलाय, हे हाताने ओढून बघा. खुर्चीत स्वतः बसा. सोफा इतका खोल असतो की उठताना साठी-सत्तरीच्या माणसाला आधार लागतो, आणि ते सगळ्या सभागृहासमोर होतं. साधी सरळ पाठीची खुर्ची मागा, संयोजक नाराज झाले तरी. स्वच्छतागृह कुठे आहे, त्याची किल्ली कुणाकडे आहे, आत पाणी येतं का, हे विचारायला संकोच करू नका.

समईचं लिहायलाच हवं, कारण दीपप्रज्वलनाला गडबड हमखास होते. वर पंखा फिरत असतो, वाती कोरड्या असतात, काडेपेटी कुणाच्या तरी खिशात राहिलेली असते. वाती तासभर आधी तेलात भिजवून ठेवायला सांगा, पेटवायला मेणबत्ती द्या, तो पंखा बंद ठेवा आणि बटणापाशी एक माणूस उभा करा. पाच वाती असतील तर कोणती कोण लावणार हे आधी ठरलेलं असावं. नाहीतर कुलगुरू, पालकमंत्री आणि संस्थेचे अध्यक्ष एकमेकांना "आपण, आपण" करत उभे राहतात.

मानाच्या क्रमावरून वाद होतात. केंद्राच्या क्रमवारीत आपल्या राज्यात राज्यपाल चौथ्या स्थानावर येतात, राष्ट्रपती, उपराष्ट्रपती आणि पंतप्रधान यांच्यानंतर. आपल्या राज्यात मुख्यमंत्री सातव्या स्थानावर. ही यादी पाठ हवी. पण मंचावर बसवण्याचा निर्णय तुमचा नाही, तो राजशिष्टाचार अधिकाऱ्यांचा. तुमचं काम एवढंच की तो आदल्या दिवशी पक्का झालेला असावा आणि खुर्च्यांवरच्या नावांच्या पट्ट्या सकाळी कुणी हलवलेल्या नसाव्यात. सूत्रसंचालकालाही तेव्हाच भेटा. २०१२ साली राष्ट्रपती भवनाने देशातल्या कार्यक्रमांत "महामहिम" वापरू नये असं कळवलं, तरी सूत्रसंचालकांच्या तोंडात ते अजून बसलेलं आहे. "माननीय राज्यपाल" पुरे. आणि परिचय चार ओळींचा.

राष्ट्रगीताची वेळ स्वतः सांभाळा. पूर्ण राष्ट्रगीत सुमारे ५२ सेकंदांचं. राज्यपाल आपल्या जागी पोहोचून, समोर तोंड करून स्थिर उभे राहिले की मगच सुरू व्हायला हवं. पोलीस बँड असेल तर बँडमास्तर तुमच्याकडे बघत असतो, त्याला खूण द्या. ध्वनिमुद्रित असेल तर ध्वनियंत्रणेवरच्या मुलाला ते आदल्या संध्याकाळी पूर्ण वाजवायला लावा. २०२३ पासून महाराष्ट्राचं राज्यगीतही असतं, तेव्हा कशानंतर काय वाजणार हे त्याच्याकडे कागदावर लिहून द्या. तोंडी सांगितलेलं गर्दीत विसरलं जातं.

उभं कुठे राहायचं? राज्यपालांच्या मागे, एका बाजूला, हाक न मारता ऐकू जाईल एवढ्या अंतरावर. मंचावर त्यांच्या खुर्चीमागे. गाडीत पुढे, चालकाशेजारी. गाडी थांबली की आधी तुम्ही उतरायचं. आपल्या गणवेशाच्या खांद्यावरची सोनेरी दोरी फार लक्ष वेधते, म्हणून छायाचित्र काढताना चौकटीतून बाहेर व्हा. त्या फोटोत पारितोषिक घेणारी मुलगी आणि तिचे आईवडील असायला हवेत. भाषणाची फाईल तुमच्या हातात राहते: मोठा टाइप, एकाच बाजूला छापलेलं, पानांना क्रमांक, पिन मारलेली नाही. दुसरी प्रत तुमच्या बॅगेत, शेजारी जादा चष्मा.

भेटीगाठींच्या वेळी कानात सांगायचं ते नाव आणि एक गोष्ट. "सर, या अमुक बाई, आश्रमशाळा तीस वर्षं चालवतात." बस. त्यापेक्षा लांबलं की समोरचा माणूस हात पुढे करून ताटकळतो. मी खिशात पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराची कार्डं ठेवत असे, ज्या क्रमाने माणसं उभी असणार त्या क्रमाने लावलेली.

पण मला ज्यासाठी हे लिहावंसं वाटलं ती गोष्ट वेगळी आहे. नवा एडीसी सतत राज्यपालांकडे बघत असतो. बघायला हवं ते वाट पाहणाऱ्यांकडे. राज्यपालांचा हा त्या दिवसातला तिसरा कार्यक्रम असतो. समोरच्या बऱ्याच जणांसाठी तसा दिवस पुन्हा येत नाही. म्हणून रेकीला गेल्यावर माझा पहिला प्रश्न असायचा, "मुलांना किती वाजता आणून बसवणार?" लेझीम घेऊन स्वागताला उभ्या राहणाऱ्या मुली दहाच्या कार्यक्रमाला सातपासून उन्हात असतात, कारण प्रत्येक पातळीवरचा माणूस आपल्यापुरता अर्धा तास हातचा राखतो. मुख्याध्यापकांशी थेट बोला. सावली, पाणी, नाश्ता आणि यायची खरी वेळ ठरवून घ्या. शिवाजी पार्कवर १ मेच्या संचलनातले जवान आणि विद्यार्थीही हेच ऊन सोसतात, तिथे वेळ पाळणं हाच त्यांचा मान.

गडचिरोली, नंदुरबारच्या दौऱ्यात हे दुप्पट लागू. संविधानाच्या पाचव्या अनुसूचीमुळे आदिवासी भागांबाबत राज्यपालांवर खास जबाबदारी असते, तिथली माणसं दूरच्या पाड्यांवरून चालत येतात. पावसाळ्यात हेलिकॉप्टर उडेल की नाही हे सकाळपर्यंत कळत नाही. रस्त्याने जायचा पर्याय तयार ठेवा आणि उशीर होणार हे तुम्हाला कळलं की पुढच्या पाच मिनिटांत ते मंडपात पोहोचलं पाहिजे. लोकांना खरं सांगितलं तर ते थांबतात. हेलिपॅडवर पाणी मारलंय का हेही विचारा, धुळीने स्वागताला आलेल्यांचे डोळे भरतात.

२००३ मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे युवराज चार्ल्स चर्चगेटला डबेवाल्यांना भेटले, तेव्हा भेटीची वेळ डबेवाल्यांच्या कामाच्या सोयीने ठरली. डबे उशिरा पोहोचले असते तर ती भेट कुणाच्याच हिताची नव्हती. पुढे २००५ मध्ये त्यांच्या लग्नाला दोन डबेवाल्यांना बोलावणं गेलं. दौरा आखताना ही गोष्ट मी संयोजकांना मुद्दाम सांगत असे. रुग्णालयाला भेट असेल तर ओपीडीची वेळ टाळा, शाळा असेल तर परीक्षा. तसा परदेशी पाहुणा सरकारी गाडीतून जाणार असेल तर तिरंगा गाडीच्या उजव्या बाजूला आणि त्यांच्या देशाचा ध्वज डाव्या बाजूला, हेही लक्षात असू द्या.

शहीद जवानाच्या घरी किंवा पदक प्रदान करताना कुटुंबाला आधी एकट्याने भेटा. कुठून यायचं, कुठे थांबायचं, पदक कोण घेणार, हे शांतपणे सांगा, त्यांच्या भाषेत. वीरमातेला चालताना आधार लागणार असेल तर कुणाचा, हे तिलाच विचारा. मानपत्र वाचन संपेपर्यंत कॅमेरेवाल्यांना मागे ठेवणं तुमचं काम आहे, आणि तिथे भीड धरू नका.

आणि निवेदनं. ताफा निघताना गर्दीतून हात पुढे येतात, कागद असतात: जमिनीचं प्रकरण, अडकलेली पेन्शन, मुलाची शिष्यवृत्ती. राज्यपाल कागद तुमच्या हातात देतात. देणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघून तो घ्या, मोबाईल क्रमांक आहे का बघा, नसेल तर तिथेच लिहून घ्या. मागे गाव, तारीख आणि कुणी दिलं एवढं टिपा. गाडीच्या मागच्या खणात फुलांच्या गुच्छांखाली दबलेला अर्ज मी पाहिला आहे, म्हणून एक वेगळी कापडी पिशवी ठेवा, ज्यात दुसरं काही जाणार नाही. गाडीत ऐकलेलं बोलणं मात्र कधी कुणाला सांगायचं नाही, घरीही नाही.

रात्री मुक्कामी विश्रामगृहावर पोहोचलात की आधी पायलट गाडीचा चालक आणि बंदोबस्तातले शिपाई जेवले का ते विचारा. मग शाली, स्मृतिचिन्हं, पुस्तकं यांची यादी करून नोंद करायला द्या. निवेदनांची पिशवी राज्यपालांच्या सचिवांकडे सोपवा, किती कागद आहेत ते लिहून आणि पोच घेऊन. त्यानंतर दुसऱ्या दिवशीची कार्डं काढा, पहिल्या कार्यक्रमाच्या संयोजकाला फोन करा आणि मुलं किती वाजता येणार ते पुन्हा एकदा विचारा.