नोटीस आली की आधी अनुभवाचे तास लेखी घ्या

संरक्षण खर्चाला कात्री लागली की आधी नव्या ऑर्डरी थांबतात, मग ओव्हरटाइम बंद होतो आणि मग नोटीस येते. मी एनडीटी तपासनीस होते, म्हणजे भाग न तोडता त्यातले दोष शोधणारी. अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली, पेनिट्रंट (भेगेत शिरून चमकणारा द्रव) लावलेल्या भागावर केसाएवढी पिवळी-हिरवी रेघ चमकते का, ते १४ वर्षं बघितलं. वाटायचं, हातात हुन्नर आहे, काळजी कसली!

पहिल्याच मुलाखतीत कळलं की माझं प्रमाणपत्र माझं नव्हतंच. एनएएस ४१० किंवा ईएन ४१७९ या विमान उद्योगातल्या मानकांप्रमाणे मिळणारं प्रमाणपत्र मालक देतो. नोकरी सुटली की ते संपतं. नवा मालक ते नव्याने देतो, पण आधीचे तास कागदावर दाखवता आले तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. माझ्याकडे तो कागद नव्हता. विभाग बंद झाल्यावर तो मिळवण्यात पाच महिने गेले.

म्हणून नोटीस मिळेल त्याच आठवड्यात लेखी अर्ज द्या. प्रत्येक पद्धतीचा हिशेब वेगळा मागा: पेनिट्रंटचे तास, मॅग्नेटिक पार्टिकलचे (चुंबकीय कणांनी तपासणी), अल्ट्रासोनिकचे (ध्वनिलहरींनी तपासणी). प्रशिक्षणाचे तास, परीक्षेचे गुण, तारखा आणि डोळे तपासणीचा शेवटचा दाखलाही घ्या. ‘काम समाधानकारक होतं’ एवढ्याच पत्राने काही होत नाही. आणि सही करणाऱ्या लेव्हल थ्रीला, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीच्या तपासनीसाला, लगेच गाठा, कपातीच्या यादीत त्याचंही नाव असू शकतं.

जमलं तर आयएसओ ९७१२ या आंतरराष्ट्रीय मानकाची परीक्षा द्या. ते प्रमाणपत्र मालक नाही, स्वतंत्र संस्था देते. ५ वर्षं चालतं आणि नोकरी बदलली तरी तुमच्याकडेच राहतं.

बायोडेटात प्रकल्पाचं नाव, भागाचा क्रमांक नको. ड्रॉइंगचा फोटो तर मुळीच नको. नोकरी गेली तरी गोपनीयतेचं बंधन सुटत नाही. धातू, पद्धत, लेव्हल, वर्षं एवढं लिहा. ब्रिटनमध्ये लुकास एरोस्पेस या विमानांचे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या कामगारांनी कपात टाळायला १९७६ मध्ये सुमारे १५० पर्यायी उत्पादनांची योजना मांडली होती. व्यवस्थापनाने ती नाकारली, पण आपली यंत्रं आणि आपले हात आणखी काय करू शकतात, हा त्यांचा प्रश्न मला बायोडेटा लिहिताना फार उपयोगी पडला. ‘क्षेपणास्त्राचे भाग तपासले’ खोडून मी ‘टायटॅनियमचे ओतीव भाग, फ्लुरोसंट पेनिट्रंट, लेव्हल टू’ लिहिलं. मसुदा सुरक्षा अधिकाऱ्याला दाखवून लेखी होकार घेतला आणि मगच पाठवला. पहिलं बोलावणं कृत्रिम सांधे बनवणाऱ्या कारखान्यातून आलं.