ट्रेडिंगसाठी लॅपटॉप घेताय? आधी 9:20 ला टास्क मॅनेजर उघडा

दुकानात जाऊन "ट्रेडिंगसाठी लॅपटॉप हवाय" एवढं म्हणालात की समोरचा हमखास गेमिंगवाला काढतो, लाल लाईटचा कीबोर्ड, ग्राफिक कार्ड आणि बिल 80 हजारांच्या पुढे. चार्ट बघायला ग्राफिक कार्ड लागत नाही हो. आणि महाग मशीनवरून ऑर्डर आधी लागते हेही डोक्यातून काढा, मिलिसेकंदाचा खेळ खेळणाऱ्यांचे सर्व्हर थेट एक्स्चेंजच्या आवारात बसलेत, आपण घरच्या वायफायवरून त्यांच्याशी कुठे शर्यत लावणार.

तर पहिलं काम, सध्याच्या नाहीतर मित्राच्या लॅपटॉपवर बाजार उघडल्यावर पाचेक मिनिटांनी रोजचा पसारा मांडा, ब्रोकरचं टर्मिनल, ट्रेडिंगव्ह्यू या चार्टच्या साईटचे दोन-तीन टॅब, ऑप्शन चेन (ऑप्शनच्या सगळ्या भावांचा तक्ता), व्हॉट्सॲप, मागे यूट्यूब. मग कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून मेमरी किती खातंय ते बघा. रॅम 8 जीबी असेल तर काटा बहुतेक वरच टेकलेला दिसेल.

मी 8 जीबीवालाच घेतला होता, दुकानदार म्हणाला रॅम नंतर वाढवू, नंतर उघडला तर रॅम बोर्डलाच सोल्डर केलेली, स्लॉटच नाही! एका एक्सपायरीला, म्हणजे ऑप्शनची मुदत संपायच्या दिवशी, चार्ट गोठला, लॅपटॉपवर प्रीमियम (ऑप्शनचा भाव) 142 आणि मोबाईलवर बघतो तर 118, आणि स्टॉपलॉस (ठरलेल्या तोट्याला सौदा बंद करणारी ऑर्डर) सिस्टीममध्ये नाही, माझ्या डोक्यात. म्हणून 16 जीबीच घ्या, आणि अगदीच 8 घेतलात तर स्लॉट रिकामा आहे का ते मॉडेल नंबर टाकून स्वतः तपासा. सोबत 512 जीबी एसएसडी.

प्रोसेसरच्या नावात मोठी गंमत आहे. एएमडीचे रायझन 5 7520यू आणि रायझन 5 7530यू, ऐकायला सख्खे भाऊ, पण पहिल्यात जुन्या झेन 2 डिझाईनचे 4 कोअर आणि दुसऱ्यात झेन 3 चे 6. दुसराच घ्या. इंटेलमध्ये 12व्या जनरेशनचा आय5 पुरे. इंटेलचाच साधा सेलेरॉन स्वस्त दिसतो, दिसू दे.

बजेट कमी असेल तर लाजू नका, रिफर्बिश्ड (वापरलेला, ठीकठाक करून विकलेला) घ्या. बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्याच अभ्यासात 2021-22 ते 2023-24 या काळात एफअँडओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) करणाऱ्या 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा झालाय, अशात कॅपिटल मोडून लॅपटॉप कशाला. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाईन लेनोवोचा थिंकपॅड टी480 शोधा, इंटेलची 8वी जनरेशन, रॅमचे दोन स्लॉट, आणि बॅटऱ्याही दोन, मागची चालू असताना बदलता येते. 7व्या जनरेशनचा मात्र फुकट दिला तरी विचार करा, विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला बंद झाले आणि विंडोज 11 साधारण 8व्या जनरेशनपासूनच अधिकृतपणे चालतं, डीमॅटचं लॉगिन असल्या मशीनवर नको. पैसे देण्याआधी विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढायला लावा, मूळ क्षमतेच्या 60 टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून कापून घ्या.

बॅटरीवर एवढा जोर का, तर आमच्याकडे मेन्टेनन्सला लाईट जाते गुरुवारी, आणि सेन्सेक्सची एक्सपायरीही हल्ली गुरुवारीच. पण लॅपटॉप चालू राहिला तरी राऊटर बंद पडतो हे सगळे विसरतात, त्याला छोटा 12 व्होल्टचा यूपीएस लावा, नाहीतर मोबाईलचा हॉटस्पॉट आधी जोडून बघून ठेवा.

स्क्रीन 14 इंची फुल एचडी चालते, एचडीएमआय पोर्ट तेवढा हवाच, पुढेमागे जुना 24 इंची मॉनिटर जोडता येतो. डोळ्यांना खरा आराम तिथेच मिळतो.

शेवटी, शक्यतो शनिवारी घ्या, रविवारी सगळे अपडेट होऊ द्या (हे सोमवारी सकाळी 9 ला सुरू झाले की रडायची वेळ येते) आणि सोमवारी 9:15 ते 10 त्याच पसाऱ्यासकट चालवा, ऑर्डर न टाकता. पंखा किती ओरडतो, टॅब बदलताना अडखळतो का, बघा. रिटर्नची मुदत संपेपर्यंत खोका माळ्यावर टाकू नका.