दीड मैलाची वाट, पण वाळवंटातली: व्हॅली ऑफ फायरमध्ये या चुका टाळा

अमेरिकेत लास व्हेगसपासून साधारण ८० किलोमीटरवर नेवाडा राज्याचं व्हॅली ऑफ फायर हे उद्यान आहे. तिथली ‘फायर वेव्ह’ची वाट जाऊन-येऊन जेमतेम दीड मैलाची. अंतर ऐकून लोक हातात एक छोटी बाटली घेऊन निघतात, ही पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक.

जाताना उतार असतो, त्यामुळे दम लागत नाही. खडकावरचे गुलाबी, पांढरे, तांबडे पट्टे पाहत आपण खाली पोहोचतो. परतीची वाट मात्र चढाची. वाळूत पाय रुततो, सावली जवळपास नाहीच आणि तापलेला खडक खालूनही भाजतो. उन्हाळ्यात तिथं पारा ४५ अंशांपुढे जातो, म्हणून त्या काळात काही वाटा बंदच ठेवतात. ऑक्टोबर ते एप्रिल हे महिने बरे. तरीही माणशी दोन लिटर पाणी आणि इलेक्ट्रलची पुडी जवळ असू द्या. डोकं दुखलं, मळमळलं, पोटऱ्यांत गोळे आले तर ‘आता थोडंच राहिलंय’ म्हणत पुढं जाऊ नका. असेल त्या सावलीत बसा, घोट घोट पाणी प्या, मान ओली करा. माणूस असंबद्ध बोलू लागला तर लगेच ९११ ला फोन. मोबाइलला रेंज सगळीकडे मिळत नाही, म्हणून एकट्यानं जाऊ नये आणि नकाशा आधीच डाउनलोड करावा.

सह्याद्रीत फिरणाऱ्यांना एक खास सूचना. आपला बेसाल्ट जसा भरवशाचा, तसा इथला वालुकाश्म नाही. तो जुरासिक काळातल्या वाळूच्या टेकड्यांपासून बनलाय. हात घासला तरी कण सुटतात. पावसानंतर तो आणखी कमकुवत होतो. कडेला पाय टाकून फोटो काढू नका.

वाट चुकल्यासारखं वाटलं तर अंदाजानं पुढं न जाता वाट दाखवणाऱ्या शेवटच्या दिसलेल्या खांबापर्यंत मागं या. ‘व्हाइट डोम्स’ या दुसऱ्या वाटेवरच्या अरुंद घळीत तर आभाळ भरून आलं असताना शिरूच नका, दूरच्या पावसाचं पाणीही तिथं लोंढ्यानं येतं.

‘माउसेस टँक’च्या वाटेवर खडकाच्या काळ्या थरात कोरलेली प्राचीन चित्रं आहेत. त्यांना हात लावू नका, मुलांनाही आधीच सांगून ठेवा. बोटांच्या तेलकटपणानं ती खराब होतात आणि पुन्हा दुरुस्त करता येत नाहीत.

रंग मावळतीच्या आधी सर्वात खुलतात. पण उद्यान सूर्यास्तालाच बंद होतं, तेव्हा तासभर हाताशी ठेवूनच खाली उतरा.