सेन्सर मागवण्याआधी

विस्मरणाचा धोका असलेल्या घरातल्या वयस्कर माणसावर लक्ष ठेवायला सेन्सर बसवायचे असतील तर एकही यंत्र यायच्या आधी कागद घ्या आणि लिहा: पहाटे ३ वाजता अलर्ट आला तर फोन कुणाचा वाजणार, त्याने नाही उचलला तर कुणाचा, आणि दाराची दुसरी किल्ली कुणाकडे? ही नावं ठरत नसतील तर खरेदी पुढे ढकला. आमच्याकडे उलटं झालं. आईच्या घरात सगळं बसवलं, पहिला अलर्ट आला तेव्हा माझा फोन सायलेंटवर आणि भावाला वाटलं, ताई बघतेय.

मग ज्यांच्यासाठी हे चाललंय त्यांच्याशी बोला. विस्मरणाचा नुसता धोका असतो किंवा नुकती सुरुवात असते, तेव्हाच हे बोलणं नीट होतं. पुढे त्यांच्या ‘हो’ला फारसा अर्थ उरत नाही. काय मोजायचं, कोण पाहणार, नको झालं तर बंद कसं करायचं, सगळं त्यांच्यासमोर लिहा. कॅमेरा शक्यतो नकोच. हालचालीचे सेन्सर, दाराचा एक आणि माणूस झोपलंय की उठलंय ते टिपणारी गादीखालची पट्टी, एवढ्यात बरंचसं भागतं आणि कपडे बदलताना कुणी अवघडत नाही.

बरीच यंत्रं वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, तेव्हा राउटरवर ते चालू आहे का ते आधी पाहा, नाहीतर तासभर त्याच बटणाशी झटापट. वीज गेल्यावर राउटर तगेल अशी बॅटरी ठेवा. हालचालीचा सेन्सर उन्हाच्या किंवा हीटरच्या तोंडावर नको. घरात मांजर असेल तर सेन्सर किती उंचीवर लावायचा तेही विचार करूनच ठरवा. आईचं मांजर पहिला आठवडाभर रात्रपाळी करत होतं आणि आम्हाला वाटत होतं, आई झोपतच नाही. सेन्सरला कोण चाललं ते कळत नाही, हे पाहुणे आल्यावरही लक्षात ठेवा.

पैसे खर्चच करायचे तर दंडाला बांधायच्या बीपीच्या मशीनवर करा, मनगटावरच्या नको. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने डिमेन्शियाचे, म्हणजे विस्मरणाच्या आजाराचे, बदलता येण्याजोगे १४ धोके मोजले, त्यात वाढलेलं बीपी आहे, आणि ते घरबसल्या मोजता येतं. (कमी ऐकू येणं हाही त्यातलाच धोका, पण तो यातला एकही सेन्सर सांगत नाही. कान वेगळे तपासून घ्या.) दंडाचा घेर टेपने मोजून त्या मापाचा कफ (दंडाभोवती गुंडाळायचा पट्टा) घ्या, छोटा कफ आकडा फुगवतो. अर्धा तास आधी चहा-कॉफी नको. पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीला टेकवलेला, मग मिनिटाच्या अंतराने दोन रीडिंग. घरी सरासरी १३५/८५ किंवा त्याहून वर राहत असेल तर डॉक्टरांना सांगायचं. उठल्यावर चक्कर येत असेल तर उभं राहून १ आणि ३ मिनिटांनीही मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर पडण्याची भीती असते.

पहिले दोन आठवडे अलर्ट बंद ठेवून नुसतं पाहा. रात्री किती वेळा उठतात, सकाळी स्वयंपाकघरात कधी जातात, तो त्यांचा नेहमीचा दिवस. त्यातून फरक कळतो. रात्री दोनदा बाथरूमला जाणारं माणूस सातदा जाऊ लागलं तर लघवीचा संसर्ग असू शकतो. दोन दिवसांत अचानक गोंधळ वाढला तर ‘विसरभोळेपणा वाढलाय’ म्हणून बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. वजन आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर. सहा-बारा महिन्यांत ५ टक्के घटलं तर विचारायला हवं.

चार्जर आणि सुट्या बॅटऱ्या एका डब्यात, डब्यावर तारीख.

शेवटी डॉक्टरांना आधीच विचारा, आकडे कसे हवेत. आमच्या डॉक्टरांना ॲपमधले रंगीत आलेख नको होते. आईच्या अक्षरातलं बीपीचं पान त्यांनी ठेवून घेतलं.