सांगलीतल्या कॉलेजात चिनी चंद्रोत्सव कसा करायचा

कल्चरल ग्रुपात कुणीतरी म्हणणारच, चायनीज फेस्टिवल म्हणजे ड्रॅगन आणू, मंच्युरियनचा स्टॉल लावू. भावांनो, मंच्युरियन आपल्या मुंबईचं पोर आहे, आणि भाड्याचा ड्रॅगन बजेट खाऊन टाकतो. त्यापेक्षा मध्य-शरद उत्सव घ्या, त्यांच्या आठव्या चांद्र महिन्याच्या पौर्णिमेचा. घरची माणसं एकत्र बसतात, चंद्र बघतात, मूनकेक (आत सारण भरलेले भाजके गोल केक) वाटून खातात, बस्स. आपल्या पोरांना कोजागिरी माहीत असल्यामुळं समजवायला वेळ लागत नाही.

आधी तारीख बघा, कारण खरी गोची तिथंच आहे. 2025 ला तो 6 ऑक्टोबरला आला, म्हणजे नेमका कोजागिरीलाच. 2026 ला मात्र 25 सप्टेंबर, आणि त्या दिवशी आपली अनंत चतुर्दशी! ढोल-ताशा सोडून तुमच्या गच्चीवर कोण येणार? (दोन्हीकडं अधिक महिना धरतात, पण दरवेळी एकाच वर्षी येत नाही, म्हणून हा घोळ.) सरळ 26 ला शनिवारी ठेवा. चिनी लोकच म्हणतात की पंधराव्याचा चंद्र सोळाव्याला जास्त गोल दिसतो, त्यामुळं कुणी नाक मुरडणार नाही. चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास पूर्वेला वर येतो, तेव्हा गच्चीची परमिशन संध्याकाळी सहापासूनची काढा, आणि सप्टेंबरचा पाऊस लक्षात घेऊन खाली एक हॉल पण धरून ठेवा.

आता मूनकेक. चीनमध्ये कमळबियांची पेस्ट, लाल बीन्स, खारवलेल्या अंड्याचा बलक असं काय काय भरतात, पण आपल्याला सोपा पडतो तो पाच दाण्यांचा. अक्रोड, बदाम, शेंगदाणे, तीळ आणि मगज बी भाजून जाडसर कुटायचं, भाजलेलं तांदळाचं पीठ आणि साखरेचा पाक घालून गोळा वळायचा. त्यात तासगावचे बेदाणे घातले तर ते आपलं ॲडिशन, असली म्हणून सांगत बसू नका. पारीला 100 ग्रॅम मैदा, 70 ग्रॅम मध, 25 ग्रॅम तेल, चिमूटभर खायचा सोडा, आणि हे मळून तासभर झाकून ठेवा. साचा नसेल तर पेढ्याचा ठसा चालतो, मोदकाचा नको, उगीच प्रसाद वाटतो! दिवाळीत नानकटाईचे ट्रे बेकरीत नेतो तसंच हे पण नेऊन भाजून घ्यायचे, पण कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी, कारण ताजा मूनकेक कडक लागतो आणि दोन दिवसात आतलं तेल पारीत उतरून ती मऊ पडते. ही गोष्ट रेसिपी व्हिडिओवाले शेवटी सांगतात आणि तोवर आपण ताजेच वाटून मोकळे झालेलो असतो. वाटताना अख्खा देऊ नका, चार फोडी करा, ते तसंच खातात, सोबत बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा. कुरकुर होईल, होऊ दे. पपनस मिळालं तर नक्की आणा, तिकडं त्या दिवशी ते खातातच.

कंदील आकाशकंदिलासारखे घरीच करा, आत मेणबत्ती नको, गच्चीवर वारा असतो, एलईडी माळ सोडा. प्रत्येकाला एक कोडं लटकवायचं, ही पण त्यांचीच जुनी पद्धत, ज्याला सुटेल त्यानं चिठ्ठी काढून नेऊन बक्षीस घ्यायचं. कोडी मराठीतच लिहा, म्हणजे गर्दी जमते: ‘महिन्यातून एकदा पूर्ण, एकदा गायब, भाडं मात्र कधीच भरत नाही’.

नाटकवाल्यांना छांग-अ ची गोष्ट द्या. दहा सूर्यांपैकी नऊ पाडणारा तिरंदाज हौ यी, त्याला मिळालेलं अमृत, आणि ते पिऊन चंद्रावर गेलेली त्याची बायको. तिनं ते का प्यायलं याच्या वेगवेगळ्या कथा आहेत, कुठं चोराच्या हाती लागू नये म्हणून, कुठं लोभापायी, पहिली घ्या, सीन जमतो. सोबत ससा पाहिजेच, त्यांच्याकडं तो चंद्रावर औषध कुटत बसतो, म्हणजे एक खलबत्ता एवढंच प्रॉपर्टीचं काम. डोळे ताणलेला मेकअप आणि ‘चिंग-चांग’ टाइप डायलॉग मात्र रिहर्सललाच कापा, स्टेजवर गेल्यावर सावरता येत नाही.

क्विझ ठेवली तर एक प्रश्न फिक्स ठेवा: 2019 मध्ये चंद्राच्या न दिसणाऱ्या बाजूला उतरलेल्या चिनी यानाचं नाव काय? नाटक बघितलेल्यांना तरी यायला पाहिजे.